दंत-मूळपेशी आणि मंद लेसर प्रकाश

मूळपेशी म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशी. दातातून मिळालेल्या मूळपेशींवर कमी शक्तीच्या लेसरचा तांबडा किंवा अवरक्त प्रकाश ठरावीक मात्रेत पाडला, तर त्या जास्त वेगाने वाढू शकतात. प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत हे दिसून आले आहे. या परिणामाला आज फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. हा लेसर कापत नाही, जाळत नाही. त्याची शक्ती सहसा अर्ध्या वॅटपेक्षा कमी असते.

विदर्भातल्या खेड्यांत लेकराचा पहिला दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळ्यात घालून कवेलूवर फेकतात आणि उंदीरमामाकडे त्याच्यासारखा दात मागतात. त्या दाताच्या पोटात मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेला गाभा असतो. २००० साली ग्रोंथोस, शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्कलदाढेच्या गाभ्यात मूळपेशी असल्याचे दाखवले. २००३ मध्ये गळून पडलेल्या दुधाच्या दातांतही त्या सापडल्या. एका दातात जेमतेम १२ ते २०, पण मोठ्यांच्या दातातल्या पेशींपेक्षा झपाट्याने वाढणाऱ्या. त्यासाठी गाभा जिवंत असावा लागतो. किडीने पोखरलेला किंवा उन्हात वाळलेला दात निरुपयोगी ठरतो.

पेशी मिळवायच्या तर दात निर्जंतुक करून फोडतात. गाभ्याचे बारीक तुकडे करून ते विकरांच्या द्रावात ३७ अंश सेल्सियसला सुमारे तासभर ठेवतात. सुट्या झालेल्या पेशी बशीच्या तळाला चिकटतात आणि काही दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली लांबट दिसू लागतात. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या, चरख्याच्या चातीला गुंडाळलेल्या सुतासारख्या.

प्रकाशाचे काम पेशीच्या आत, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांमध्ये चालते. तिथले सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ हे विकर तांबडा आणि अवरक्त प्रकाश शोषते, असे संशोधक टीना कारू यांनी मांडले. या विकराला चिकटून बसलेला नायट्रिक ऑक्साइड प्रकाशाने सुटतो, प्राणवायूचा वापर वाढतो आणि एटीपी म्हणजे पेशीचे इंधन जास्त तयार होते, असे हे स्पष्टीकरण आहे. सोबत थोडे क्रियाशील ऑक्सिजन रेणूही बनतात आणि विभाजनाचे संकेत जागे करतात. विषयाची सुरुवात मात्र अपघाताने झाली. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर यांनी उंदरांची पाठ भादरून तिच्यावर रुबी लेसर टाकला, तेव्हा तिथले केस लवकर उगवले.

सगळा खेळ मात्रेचा आहे. ५० मिलिवॅटचा किरण एक चौरस सेंटिमीटरवर ६० सेकंद पाडला की ३ ज्यूल ऊर्जा मिळते. पेशींवरच्या बऱ्याच प्रयोगांत १ ते ५ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर एवढीच मात्रा वापरतात. तरंगलांबी ६६० किंवा ८१० नॅनोमीटरच्या आसपास असते. मात्रा कमी पडली तर काही घडत नाही आणि जास्त झाली तर वाढ उलट खुंटते. पऱ्हाटीला युरिया देणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वेगवेगळ्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे मात्रेतला हा फरक मोठे कारण आहे. शक्ती, वेळ, किरणाचा आकार आणि अंतर हे चारही आकडे न देणारा अहवाल वाचण्यात फारसा अर्थ नाही.

२००८ मधल्या ब्राझीलच्या एका प्रयोगात गाभ्याच्या पेशींना मुद्दाम कमी पोषण दिले होते. त्या उपाशी पेशींवर ६६० नॅनोमीटरचा प्रकाश टाकल्यावर त्यांची वाढ सुधारली. २०१४ मध्ये अरानी, मूनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दातांत अवरक्त लेसरने नवे दंतिन, म्हणजे दाताच्या कवचाखालचा कठीण थर, तयार झाल्याचे दाखवले. प्रकाशाने टीजीएफ-बीटा हा सुप्त वाढघटक जागा होतो आणि पेशी दंतिनाकडे वळतात, असे त्यांना आढळले. म्हणजे पेशींची संख्या वाढणे आणि पेशींनी दाताचा पदार्थ घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या तोंडात नवा दात उगवून देणारा उपचार यातून अजून तयार झालेला नाही.

विदर्भात या विषयाला एक काळजीची बाजू आहे. इथे गावोगावी खर्रा खाल्ला जातो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा खर्रा वर्षानुवर्षे गालात धरला की तोंड उघडेनासे होते, पांढरे चट्टे येतात आणि पुढे कर्करोगही होतो. कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलवटते, ते टाळण्यासाठी मंद लेसर वापरण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे आणि ती मोलाची आहे. पण जो प्रकाश निरोगी पेशींना वाढवतो, तो रोगट पेशींना वाढवणार नाही याची हमी नाही. म्हणून संशयास्पद चट्ट्याचा तुकडा तपासल्याशिवाय त्यावर लेसर लावू नये.

दात जपून ठेवण्याचा प्रश्नही इथवर येऊन पोहोचतो. पेशी साठवायच्या तर उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन लागतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वळूचे वीर्य ठेवलेला, झाकण उघडताच पांढरा धूर सोडणारा कॅन अनेकांनी पाहिलेला आहे, तंत्र तेच. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फक्त नाळेतले रक्त साठवण्याला परवानगी आहे. दातातल्या पेशी पैसे घेऊन पुढच्या उपचारासाठी साठवून ठेवण्याला त्यात मुभा नाही.