गुलाबाची हिवाळी निगा (गोवा)

पाऊस सरल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बागेतील आणि कुंड्यांतील गुलाबांना ताण देणे (पाणी तोडून विश्रांती देणे), त्यांची छाटणी करणे, खतपाणी घालणे आणि रोगकिडींचा बंदोबस्त करणे या कामांना मिळून गुलाबाची हिवाळी निगा म्हणता येईल. थंड हवेच्या देशांत हिवाळी निगा म्हणजे गोठणापासून बचाव. तेथे डोळा भरलेल्या सांध्यावर, म्हणजे मुळाकडच्या रानटी खुंटावर चांगल्या जातीचा डोळा (कोंब फुटण्याची जागा) बसवलेला असतो त्या ठिकाणी, माती किंवा पाचोळा चढवून झाड झाकून ठेवतात. गोव्यात हिवाळ्यातही किमान तापमान सहसा २० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि दुपारी पारा ३० अंशांच्या वर जातो. त्यामुळे झाड झाकण्याचा तो उपाय येथे निरुपयोगीच नव्हे तर घातक आहे, कारण दमट हवेत मातीखाली गाडलेली साल कुजते. गोव्याचा हिवाळा हा गुलाबाचा झोपेचा नव्हे, बहराचा हंगाम आहे.

वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात गुलाबाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबरात होते. पाने सहा-सात तास सलग ओली राहिली की काळ्या ठिपक्यांचा बुरशीरोग पसरतो, आणि दसऱ्यापर्यंत पुष्कळ झाडे जवळजवळ निष्पर्ण होतात. पडलेली रोगट पाने वेचून जाळणे हे म्हणून हंगामाचे पहिले काम. थंडीने मिळणारी विश्रांती येथे निसर्ग देत नाही, ती माळ्याला घडवून आणावी लागते : छाटणीपूर्वी काही दिवस पाणी तोडतात, आणि भारी जमिनीत आळ्यातील माती हलकेच उकरून मुळे आठवडाभर उघडी ठेवण्याचीही रीत आहे. जांभ्या दगडाच्या निचऱ्याच्या जमिनीत व कुंडीत मात्र मुळे उघडी करू नयेत. तेथे पाणी कमी करणे पुरते.

छाटणीची वेळ फुले केव्हा हवीत यावर ठरते. हायब्रिड टी (लांब देठावर एकेक मोठे फूल देणाऱ्या) जातींना छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी फूल येते. म्हणजे ३ डिसेंबरच्या जुने गोवे येथील गोंयच्या सायबाच्या (संत फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला फुले हवी असतील तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि नाताळसाठी १० नोव्हेंबरच्या सुमारास कात्री चालवावी लागते. मात्र पावसाच्या सरी चालू असताना घाई केल्यास कापलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळत येते. वाळलेले, रोगट व एकमेकांवर घासणारे लाकूड आधी काढावे, मग चार-सहा जोमदार फांद्या ठेवून बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप द्यावा. फार खोल छाटणी येथे न केलेलीच बरी. पावसाने पाने गमावलेल्या झाडाची शिल्लक ताकद उरलेल्या लाकडातच असते. वेली गुलाबांचे केवळ जुने लाकूड काढतात. जाड कापांवर मोरचूद व चुना प्रत्येकी १ किलो आणि पाणी १० लिटर या प्रमाणातील बोर्डो मलम लावतात. सांध्याखालून निघालेले खुंटाचे फुटवे मुळापासून ओढून काढावेत, नुसते कापले तर ते पुन्हा फुटतात.

गोव्याची जांभी माती आम्ल असते. गुलाबाला ६ ते ६.५ सामू (आम्लता मोजणारा आकडा, पीएच) मानवतो. त्यासाठी बेताने चुना देतात, पण शेणखताबरोबर एकाच वेळी नव्हे, कारण शेणखतातील नत्र वायुरूपाने उडून जाते. कोकणात माडाला घालतात तो सुक्या मासळीचा कुटा गुलाबालाही चालतो. कुत्र्या-मांजरांनी आळे उकरू नये म्हणून मात्र तो मातीखाली खोल पुरावा लागतो. पाणी सकाळी, बुंध्याशी आणि खोलवर द्यावे. सोडणांचे (नारळाच्या सालांचे) किंवा सुक्या पानांचे आच्छादन ओल टिकवते, परंतु ते खोडाला टेकले की वाळवीला आयतीच वाट मिळते.

डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री आणि उबदार दिवस भुरीला (पानांवर पांढरी भुकटी पसरवणाऱ्या बुरशीरोगाला) अनुकूल असतात. तिच्यावर पाण्यात विरघळणारे गंधक फवारतात, तेही ऊन चढण्यापूर्वी, नाहीतर पाने करपतात. फुलकिडे कळ्यांत शिरून पाकळ्यांच्या कडा तपकिरी करतात. फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी दिसू लागतो. प्रारंभी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो आटोक्यात राहतो. त्यानंतर केवळ सुकलेली फुले खुडावीत, मोठी छाटणी करू नये, आणि भर उन्हातील कुंड्या मार्चपासून दुपारच्या सावलीत हलवाव्यात.