सपाट तळवे: श्रेय बुटाचं की वयाचं?

चालायला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाचा तळवा सपाटच दिसतो. कमानीच्या जागी चरबीची गादी असते, सांध्यांचे बंध सैल असतात. कमान दिसू लागते ती पहिल्या दहा वर्षांत, हळूहळू. उपचारांचा सगळा घोळ इथेच झाला.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे हाडांचे डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस यांनी बुटाच्या टाचेची आतली बाजू पुढे वाढवून किंचित उंच केली. न्यूयॉर्कचे हाडांचे डॉक्टर रॉयल व्हिटमन यांनी तळव्याखाली धातूची पट्टी बसवली. दोन-चार वर्षं असं काही घातलं की कमान दिसायचीच, आणि श्रेय बुटाला जायचं. काहीही न घालणारी मुलं शेजारी उभी करून कोणी पाहत नव्हतं.

ती तुलना १९८९ मध्ये अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर डेनिस वेंगर आणि सहकाऱ्यांनी केली. कडक बूट, बुटात टाचेखाली बसवायची वाटी, मापाचा इनसोल आणि नुसतेच साधे बूट, असे चार गट. किमान तीन वर्षं. कमान चारही गटांत सुधारली, सारखीच. १९९२ मध्ये राव आणि जोसेफ यांनी भारतातल्या २,३०० मुलांचे पायाचे ठसे तपासले: बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के, अनवाणी चालणाऱ्यांत २.८. सुधारायला निघालेल्या बुटाला ही चांगलीच चपराक होती.

खरा धागा मात्र त्याआधीच हाती लागला होता. १९४७ मध्ये हॅरिस आणि बीथ यांनी कॅनडाच्या सैनिकांचे पाय तपासले. लवचिक सपाट पाय, म्हणजे भार नसताना कमान दिसणारे, त्रास देत नव्हते. त्रास होता तो घोडशीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर, आखूड असलेल्यांना.

म्हणून आज आधी मुलाला चवड्यांवर उभं करतात. कमान उमटली आणि टाच आत वळली, तर पाय लवचिक. दुखत नसेल तर उपचार नको. कमान उमटलीच नाही, तर पावलातली हाडं एकमेकांना जुळलेली असू शकतात. मग एक्स-रे हवा. घोडशीर आखूड असेल तर ती ताणायची: गुडघा सरळ, टाच जमिनीला, पाऊल किंचित आत वळवलेलं. पाऊल बाहेर वळलं की ताण शिरेवर न येता पावलाच्या मधल्या सांध्यांवर जातो आणि तळवा आणखी बसतो. घोडशीर आखूड असलेल्या पायाखाली कडक इनसोल दिला तर टाच खाली टेकत नाही, कमानीचा उंचवटा तेवढा आतून रुततो आणि न दुखणारा पायही दुखू लागतो.