होडी कुणाच्या हातानं हलली?

नारळी पौर्णिमेच्या सुमारास मालवणच्या किनाऱ्यावर थोडा वेळ उभं राहिलं, तर हे दृश्य हमखास दिसतं. पावसाळाभर झापांखाली विसावलेली होडी पाण्यात लोटायची असते. खाली ओंडके सारलेले असतात. चौघे जोर लावतात, होडी हलत नाही. पाचवा येतो, तरी नाही. मग वाटेनं जाणाऱ्या कुणाला तरी हाक जाते, "ये मरे, हात लाव!" तो खांदा लावतो आणि इतका वेळ वाळूत रुतून बसलेली होडी सरसर निघते.

हा सहावा कदाचित सगळ्यांत हडकुळा असेल. पण होडी हलली ती तो आल्यावर. तोच दुसऱ्या क्रमांकावर आला असता, तर त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं.

निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, म्हणजे आपण ज्याला त्रिशंकू लोकसभा म्हणतो ती आली, की पक्षांची ताकद अशीच मोजावी लागते. गणितज्ञ लॉइड शॅप्ली आणि अर्थशास्त्रज्ञ मार्टिन शुबिक यांनी १९५४ मध्ये त्याची पद्धत मांडली. सगळ्या पक्षांना एका रांगेत उभं करा. एकेक जण पुढे येऊन आपल्या जागा घालत जाईल. ज्याच्या येण्यानं बहुमताचा आकडा पार होतो, त्याच्या नावावर एक खूण करा. मग रांगेचा क्रम बदला आणि पुन्हा मोजा. शक्य तेवढे सगळे क्रम झाले, की ज्याच्या नावावर जितक्या खुणा, तितकं त्याचं खरं वजन.

कोकणी माणसानं हे गणित १९८९ च्या निकालावर करून बघावं. त्या वेळी ५२९ जागांसाठी मतदान झालं होतं, म्हणजे बहुमताला २६५ हवे होते. काँग्रेस १९७, जनता दल १४३, भाजप ८५, आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्ष मिळून ४५. बाकीचे छोटे पक्ष सोपेपणासाठी बाजूला ठेवू. चार पक्ष, म्हणजे रांगेचे २४ क्रम. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि खरंच बसा, कारण उत्तर स्वतःच्या हातानं निघालं की ते वेगळंच वाटतं.

एक क्रम इथेच करू. आधी जनता दल, १४३. मग भाजप, २२८. होडी अजून वाळूतच. मग कम्युनिस्ट, २७३. हलली! खूण कम्युनिस्टांच्या नावावर. आता भाजपच्या जागी काँग्रेसला दुसरं आणा. १४३ आणि १९७ मिळून ३४० होतात, म्हणजे खूण काँग्रेसची, आणि मागे उभ्या असलेल्या दोघांच्या येण्यानं काहीच बदलत नाही.

चोवीसही क्रम झाल्यावर काँग्रेसच्या नावावर १० खुणा, कम्युनिस्टांच्या नावावर २, आणि जनता दल व भाजप यांच्या नावावर प्रत्येकी ६ पडतात. १४३ जागांचा पक्ष आणि ८५ जागांचा पक्ष, दोघांचं वजन सारखं! वरच्या ५८ जागा जनता दलाला या हिशेबात काहीही मिळवून देत नाहीत. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चूक झाली असेल म्हणून पुन्हा मांडलं होतं. उत्तर तेच आलं.

अर्थात, कागदावरची प्रत्येक रांग प्रत्यक्षात लागत नाही. जनता दल उभंच राहिलं होतं काँग्रेसच्या विरोधात, आणि काँग्रेस-भाजप एकत्र येणं अशक्यच होतं. काँग्रेस वेगळी काढली, तर बहुमत जमवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे उरलेले तिघेही एकत्र. मग तिघांपैकी कुणीही हात काढला की होडी थांबते, म्हणजे १४३, ८५ आणि ४५ या तिघांचं वजन अगदी समान, एक तृतीयांश. विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार भाजप आणि डाव्यांच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं राहिलं ते असं.

त्या सरकारात आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. कोकण रेल्वेचा ध्यास दोघांनाही होता. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. पिढ्यान् पिढ्या एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून मुंबई गाठणाऱ्या आमच्यासारख्यांना वाटतं, की त्या अस्थिर अकरा महिन्यांनी कोकणाला जे दिलं, ते कित्येक भक्कम बहुमतांना जमलं नव्हतं.

या महामंडळाच्या भांडवलातही हेच गणित दडलेलं आहे. स्थापनेच्या वेळी रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के होता, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. साध्या बहुमताच्या प्रश्नावर रांग लावून बघा. कुठल्याही क्रमात ५१ वाला आला, की होडी हलते. तो येईपर्यंत चारही राज्यांनी मिळून जोर लावला तरी ४९ च होतात. म्हणजे महाराष्ट्राचा २२ टक्के वाटा आणि गोव्याचा ६ टक्के वाटा, दोघांच्या नावावर खुणा शून्य.

ऑक्टोबर १९९० मध्ये लालकृष्ण अडवाणींना अटक झाली आणि भाजपनं हात काढून घेतला. ७ नोव्हेंबरला लोकसभेत विश्वासदर्शक ठराव मतदानाला आला. बाजूनं १४२, विरोधात ३४६.

रुळांचं काम मात्र चालू राहिलं. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हा दिल्लीत लोकसभा बरखास्त झालेली होती आणि देश पुन्हा मतदानाच्या तयारीत होता. निकाल पुन्हा त्रिशंकूच लागला. भाजपला १८२ जागा मिळाल्या, आणि सोबत घेतलेल्या पक्षांपैकी अण्णाद्रमुककडे १८ होत्या. एप्रिल १९९९ मध्ये त्या १८ जणांनी खांदा काढला. वाजपेयींच्या ठरावाच्या बाजूनं २६९ मतं पडली, विरोधात २७०.