मॅग्नेशियमने थायरॉइडची गोळी सुटते का?

‘रोज मॅग्नेशियम घ्या, थायरॉइडची गोळी कायमची सुटेल,’ हा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. शरीराला मॅग्नेशियम लागतं हे खरंच, म्हणून तो पटतोही. पण थायरॉइडच्या संप्रेरकात लागतं आयोडीन. ग्रंथीच कमी काम करत असेल, तर ती उणीव मॅग्नेशियम भरून काढत नाही. कृपा करून गोळी स्वतःहून बंद करू नका.

उलट लेव्होथायरॉक्सिनसोबतच, म्हणजे थायरॉइडच्या नेहमीच्या गोळीसोबतच, मॅग्नेशियम घेतलं, तर गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत 4 तासांचं अंतर हवं. घरातल्या ॲसिडिटीच्या पातळ औषधाचं लेबल वाचा, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बऱ्याचदा तिथेच सापडतं. गोळी नीट लागू पडतेय का याची खात्री करायची तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा, कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होते. डॉक्टरांनी डोस बदलला, तर 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा.