अध्यापन-परिस्थितीचे विश्लेषण (भाषा अभ्यासक्रम)

भाषेचा अभ्यासक्रम आखण्याआधी तो कोण शिकणार, कोण शिकवणार, कुठे आणि किती वेळात, याची पद्धतशीर केलेली पाहणी म्हणजे अध्यापन-परिस्थितीचे विश्लेषण. मुलांना काय शिकायला हवे ते गरजांच्या विश्लेषणातून कळते. त्याच्या आड काय येते आणि हाताशी काय आहे, हे या पाहणीतून कळते. भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन आणि जॉन मॅकॅलिस्टर यांच्या मांडणीत तिचे तीन भाग आहेत: विद्यार्थी, शिक्षक आणि परिस्थिती. अडचणींची लांबलचक यादी करणे हा तिचा हेतू नाही. सर्वांत जड दोन-तीन अडचणी निवडायच्या आणि प्रत्येकीमुळे पाठात नेमके काय बदलेल ते ठरवायचे. ज्या नोंदीने पाठ बदलत नाही, ती कागदावरच राहते.

खानदेशात ही पाहणी मुलाच्या घरच्या बोलीपासून सुरू करावी लागते. धुळे, अमळनेर, पारोळा या पट्ट्यात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, तर नंदुरबार जिल्ह्यात पावरी, भिली, मावची बोलल्या जातात. सरकारदरबारी सगळ्यांचे माध्यम मराठी. अहिराणी घरातून आलेले मूल पहिलीत ‘शाळा’ ऐवजी ‘शाया’, ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ लिहिते. ‘मला’ला ‘माले’ म्हणते आणि ‘घरात’ला ‘घरमा’. हा निष्काळजीपणा नव्हे. त्या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, आणि मूल आपल्या बोलीचा नियम इमानाने पाळत असते. हे आधीच टिपलेले असेल तर शिक्षक लाल पेन उचलत नाही. फळ्यावर ‘डोया–डोळा’, ‘केयी–केळी’ अशा जोड्या मांडतो आणि मुलांनाच नियम शोधू देतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर प्रश्न आणखी खोल आहे. पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठी ही खरोखर दुसरी भाषा असते. तिथे पहिले काही महिने ऐकणे-बोलणे, चित्रे आणि कृतिगीते यांना दिले नाहीत, तर वाचन म्हणजे न कळलेली अक्षरे जोडणे होऊन बसते.

वेळेचा हिशेब असाच मुळापासून करावा लागतो. शिक्षण हक्क कायदा (२००९) पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवतो. पण दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे निघणे टळत नाही. आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले वर्गात दिसतात, बाकीची थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणून वाचनाचा पाया दिवाळीआधी बसवणे आणि पुढचे घटक सुटे, कुठूनही सुरू करता येतील असे ठेवणे, हा इथला खरा अभ्यासक्रम-निर्णय. जूनमध्ये आखलेली सलग साखळी मार्चमध्ये परतलेल्या मुलाच्या काही कामाची नसते.

याच कायद्यानुसार ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. ४० मिनिटांच्या तासिकेत एकाच शिक्षकासमोर तीन इयत्ता असतील, तर एका इयत्तेच्या वाट्याला थेट अध्यापनाची जेमतेम १३ मिनिटे येतात. त्यामुळे उरलेल्या वेळेत मुलांना एकट्याने किंवा जोडीने करता येईल असे काम अभ्यासक्रमातच असावे लागते. ते शिक्षकाच्या हुशारीवर सोडणे अन्याय आहे. शिक्षकाला मुलांची बोली येते का, हेही नोंदवावे. येत नसेल तर गावातली बोली जाणणारी अंगणवाडी सेविका किंवा पाचवीतला मोठा विद्यार्थी दुभाष्या म्हणून पाठात धरता येतो. वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसेल तिथे व्हिडिओवर बेतलेला पाठ मुळातच धरू नये.

हीच पद्धत उलट दिशेनेही वापरता येते. अक्राणीत (म्हणजे धडगाव तालुक्यात) बदलून आलेल्या परिचारिकेला पावरी शिकायची आहे असे धरा. तिच्याकडे वेळ संध्याकाळचा, तोही बाळंतपणाचे बोलावणे आले नाही तर. शिकवणारी गावातलीच आशा सेविका, म्हणजे गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती. तिला भाषा येते, पण शिकवण्याचे प्रशिक्षण नाही. अशा वेळी व्याकरणाच्या क्रमाने जाणारा अभ्यासक्रम निरुपयोगी. ‘कुठे दुखते’, ‘कधीपासून’, ‘गोळी जेवणानंतर घे’ अशी रोज लागणारी वाक्ये आशा सेविकेच्या तोंडून फोनवर ध्वनिमुद्रित करायची, आणि दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात आलेल्या पहिल्याच बाईशी ती बोलून पाहायची.