गांधी टोपी

गांधी टोपी : पांढऱ्या सुती कापडाची, मूळच्या पद्धतीप्रमाणे खादीची, बिनझालरीची टोपी. पुढे व मागे निमुळती, दोन्ही अंगांना रुंद पट्टी आणि वर मधोमध लांबट घडी अशी तिची ठेवण असते. घडी घातली की ती सपाट होऊन खिशात मावते. १९२० च्या सुमारास असहकाराच्या चळवळीबरोबर तिचा प्रसार झाला आणि पुढील पाव शतकात ती भारतीय राष्ट्रीयत्वाची सर्वांत सहज ओळखू येणारी खूण ठरली. महाराष्ट्रात ती राजकारणाच्या बाहेर जाऊन रोजच्या पोशाखात मुरली. मुंबईत तिचा चळवळीतला इतिहास आणि रोजचा वापर या दोन्ही गोष्टी आढळतात.

‘टोपी’ या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही जुन्या कोशकारांनी ती पोर्तुगीज भाषेतील ‘टोपो’ (माथा, शेंडा) या शब्दाशी जोडली आहे. परंतु शिरस्त्राण या अर्थाचा ‘टोप’ आणि लहान मुलांचे ‘टोपडे’ हे शब्द आपल्या भाषांत इतके खोल रुजलेले आहेत, की पोर्तुगीज उगम मान्य करणे जड जाते. शब्द देशी असून पोर्तुगीज शब्दाशी त्याचे साम्य योगायोगाचे आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. व्युत्पत्ती काहीही असली तरी मराठेशाहीतील लिखाणात ‘टोपीकर’ म्हणजे युरोपियन. आज्ञापत्र या मराठेशाहीतील राजनीतीवरील ग्रंथात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन्मार्कचे) या सर्वांना मिळून हेच नाव दिले आहे. एतद्देशीय प्रतिष्ठित माणूस पगडी किंवा पागोटे बांधी. टोपी ही परक्याची निशाणी होती. दोनशे वर्षांनी त्याच शब्दाने स्वदेशीच्या पुरस्कर्त्याची ओळख पटू लागली. गांधी टोपीच्या इतिहासात या उलटापालटीकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक ते जायला हवे.

पूर्वपीठिका : टोपीचे महत्त्व कळण्यासाठी तिच्या आधी डोक्यावर काय होते हे पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत पुरुषाने उघड्या डोक्याने बाहेर पडणे अशिष्ट समजत. बोडके डोके म्हणजे घरात सुतक. युरोपियन माणूस आदर दाखवण्यासाठी टोपी काढी, आपल्याकडे आदर दाखवण्यासाठी डोके झाकत. शिवाय डोक्यावर काय आहे यावरून जात, प्रांत आणि धंदा दुरूनच कळे. पाठारे प्रभूंची पगडी वेगळी, ब्राह्मणांची वेगळी, भाटिया व्यापाऱ्याची टोकदार पगडी आणखी वेगळी; पारशांची कडक तकतकीत पगडी, बोहऱ्यांची जरीकाठी विणीव टोपी, घाटावरच्या कष्टकऱ्याचे मुंडासे, कोळ्याची लाल टोपी. पगडी बसवून देणारे पगडबंद हे स्वतंत्र कारागीर होते. काळबादेवी किंवा भुलेश्वर भागातून चालणाऱ्या माणसाला समोरून येणाऱ्याशी कसे बोलायचे, त्याला किती वाकून नमस्कार करायचा, हे त्याच्या डोक्याकडे पाहून ठरवता येई. शतकाच्या अखेरीस सुशिक्षित तरुणांत फेल्टची (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची) काळी टोपी रूढ होऊ लागली. ती सुटसुटीत होती, पण तिचे कापड परदेशी.

गांधींच्या स्वतःच्या आयुष्यातही शिरोभूषणाचा प्रश्न मानापमानाचा होता. १८९३ मध्ये डर्बनच्या न्यायालयात त्यांना पगडी उतरवायला सांगण्यात आले, तेव्हा ते न्यायालय सोडून बाहेर पडले. पुढे नाताळच्या वरिष्ठ न्यायालयात वकिलीची शपथ घेतल्यावर त्यांनी तीच पगडी उतरवली. ९ जानेवारी १९१५ रोजी ते मुंबईत अपोलो बंदरावर उतरले, त्या काळातील छायाचित्रांत त्यांच्या डोक्यावर काठियावाडी फेटा दिसतो.

उगमाविषयीची मते : टोपीचा नमुना कोठून आला याविषयी तीन मते प्रचलित आहेत.

पहिले मत तिचा संबंध दक्षिण आफ्रिकेतील तुरुंगाशी जोडते. जानेवारी १९०८ मध्ये गांधी जोहान्सबर्गच्या तुरुंगात गेले. हिंदी सत्याग्रहींना तेथे आफ्रिकी कैद्यांच्या वर्गात धरले जाई आणि कैद्याच्या कपड्यांत टोपीचाही समावेश असे. तुरुंगातली तीच टोपी पुढे मानाची झाली, असे हे मत सांगते. कैद हा अपमान न मानता भूषण मानण्याच्या सत्याग्रही वृत्तीशी ते जुळते, म्हणूनच ते लोकप्रिय झाले असावे. अडचण अशी, की तुरुंगवास आणि टोपीचा प्रसार यांत दहा-बारा वर्षांचे अंतर आहे आणि भारतात परतल्यावर गांधी बहुधा फेटा बांधत होते.

दुसरी कथा आजच्या उत्तर प्रदेशातील रामपूर संस्थानची. नबाबाच्या भेटीस जाताना डोके झाकणे आवश्यक होते, बाजारात मापाची टोपी मिळेना, म्हणून खिलाफत चळवळीचे नेते महंमद अली व शौकत अली या अली बंधूंच्या मातोश्री आबादी बेगम (बी अम्मा) यांनी ती स्वतः शिवून दिली, असे तेथे सांगतात. खिलाफत आणि असहकार या चळवळींतील स्नेहाची ही सुंदर आठवण आहे. मात्र या भेटीचे साल सांगण्यात एकवाक्यता नाही. अली बंधू दीर्घकाळ स्थानबद्ध होते आणि त्यांची सुटका १९१९ च्या डिसेंबरात झाली, हे लक्षात घेता सामान्यतः सांगितला जाणारा कालक्रम जुळवणे कठीण आहे. गांधींना अशी एखादी टोपी भेट मिळालीही असेल. परंतु त्यावरून नमुन्याचा उगम सिद्ध होत नाही.

तिसरे मत काश्मिरी टोपीचे, आणि पुराव्याच्या दृष्टीने ते सर्वांत भक्कम आहे. त्याचा मुख्य आधार काका कालेलकरांनी नोंदवलेले गांधींचेच स्पष्टीकरण हा होय. साताऱ्यात जन्मलेले आणि साबरमती आश्रमात गांधींच्या सहवासात राहिलेले कालेलकर हे या बाबतीत जवळचे साक्षीदार. त्यांच्या सांगण्याप्रमाणे गांधींनी निरनिराळ्या प्रांतांतील शिरोभूषणे एकेक करून तपासली. उष्ण देशात डोके झाकणे त्यांना आवश्यक वाटे. पंजाबी फेटा डौलदार, पण त्याला कापड फार लागते. पगडी घाम शोषून घेते आणि तिचा मळ दिसत नाही. गुजरातेतील उंच टोपी त्यांना कुरूप वाटली. महाराष्ट्रातील हंगेरियन टोपी जरा बरी, पण ती फेल्टची. संयुक्त प्रांत व बिहारकडील टोपी इतकी पातळ, की ती जवळजवळ निरुपयोगी. शेवटी काश्मिरी टोपी त्यांच्या मनास आली. ती हलकी, देखणी, शिवायला सोपी आणि घडी घालून खिशात ठेवता येण्याजोगी होती. मूळची लोकरीची ती टोपी त्यांनी सुती करून घेतली. रंग पांढरा निवडण्याचे कारण विशेष मनन करण्यासारखे आहे : पांढऱ्यावर मळ व घाम लगेच दिसतो, त्यामुळे ती वारंवार धुवावी लागते. म्हणजे शुभ्रतेमागे पावित्र्याच्या कल्पनेपेक्षा स्वच्छतेचा व्यवहार अधिक होता.

ही आठवण नंतरच्या काळात लिहिलेली आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु तिला स्वतंत्र दुजोरा मिळतो. गांधींनी आत्मकथेत सांगितले आहे, की १९१५ च्या आरंभी मुंबईहून राजकोट-पोरबंदरकडे तिसऱ्या वर्गाने जाताना त्यांनी अंगरखा व शेला अनावश्यक म्हणून काढून टाकला आणि आठ-दहा आण्यांची काश्मिरी टोपी घेतली. अशा वेशातला माणूस गरीब म्हणूनच ओळखला जाई. टोपी प्रसिद्ध होण्याच्या चार-पाच वर्षे आधीचा हा प्रसंग आहे. त्यामुळे काश्मिरी नमुना हा मूळ आधार आणि तुरुंगाच्या टोपीची आठवण हा फार तर त्याला मिळालेला नंतरचा अर्थ, असे मानणे योग्य ठरेल.

मुंबईतील प्रसार : १ ऑगस्ट १९२० रोजी क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच दिवशी असहकाराच्या चळवळीला आरंभ झाला. टिळकांची लाल पगडी ही एका पिढीची खूण होती; पुढल्या पिढीने पांढरी टोपी उचलली. ३१ जुलै १९२१ रोजी परळला उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात गांधींच्या हस्ते परदेशी कापडाची मोठी होळी झाली. त्या ज्वाळांत काळ्या फेल्टच्या टोप्याही पडल्या असतील, असे मानण्यास हरकत नाही.

टोपीच्या यशाचे खरे कारण बहुधा तिच्या साधेपणाहून वेगळे आहे. पगडी जे सांगत होती ते ही टोपी सांगत नव्हती. गिरणी कामगार, मूळजी जेठा मार्केटातला कापडाचा आडत्या, वकील आणि शाळामास्तर यांच्या डोक्यावर एकच टोपी आली आणि जातीची, पेठेची, धंद्याची ओळख निदान मिरवणुकीपुरती पुसली गेली. राष्ट्र नावाची गोष्ट लोकांना डोळ्यांनी दिसली ती अशी.

परंतु याच शहरात तिची दुसरी बाजूही उघड झाली. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, तेव्हा बहिष्काराच्या भरात जमावाने परदेशी टोप्या घातलेल्यांना अडवून त्या काढायला लावल्या. स्वागताला गेलेल्या पारशांवर व ख्रिस्त्यांवर हल्ले झाले, आणि पुढे प्रतिहल्लेही. माणसे मृत्युमुखी पडली. गांधींनी स्वतः हे पाहिले, आपल्या अनुयायांची कठोर निर्भर्त्सना केली आणि शांतता होईपर्यंत उपोषण केले. त्याआधी दोन महिने, २२ सप्टेंबरला, मदुराईत त्यांनी पंचा स्वीकारला होता व टोपीही सोडली होती. ज्यांच्या नावाने दुसऱ्यांच्या टोप्या हिसकावल्या गेल्या, ते त्या दिवशी बोडक्या डोक्याने उभे होते. टोपीच्या गौरवपर इतिहासांत हा प्रसंग सहसा गाळला जातो. तो गाळू नये.

सरकारनेही टोपीला महत्त्व दिले. अनेक ठिकाणी कचेऱ्यांत, न्यायालयांत व शाळांत ती घालण्यास मज्जाव झाला, आणि बंदीमुळे तिचा मान वाढला. याच सुमारास, १९२५ मध्ये, तुर्कस्तानात फेज टोपीवर कायद्याने बंदी येऊन युरोपीय हॅट रूढ करण्यात आली. तेथे राज्यसंस्थेने शिरोभूषण बदलले, येथे राज्यसंस्थेच्या विरोधात ते बदलले गेले. १९३० च्या सत्याग्रहातील प्रभातफेऱ्या, ८ ऑगस्ट १९४२ ची गवालिया टँकवरील सभा ही दृश्ये आज पांढऱ्या टोप्यांवाचून डोळ्यांपुढे येत नाहीत.

सर्वांनीच ती स्वीकारली असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सूट हाही तितकाच विचारपूर्वक निवडलेला पोशाख होता. ज्यांना नीटनेटके कपडे घालण्यासही मनाई केली जात होती, त्यांच्या दृष्टीने साधेपणाचा स्वीकार आणि साधेपणाची सक्ती यांत अंतर होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने काळी टोपी ठेवली.

सद्यःस्थिती : स्वातंत्र्यानंतर टोपी काँग्रेसची आणि पुढे एकूणच पुढाऱ्यांची खूण बनली. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील यांच्या पिढीनंतर विधिमंडळातून ती हळूहळू कमी झाली. पक्षांतर करणे या अर्थाने ‘टोपी फिरवणे’ हा वाक्प्रचार या काळात विशेष ऐकू येई. ‘टोपी घालणे’ (फसवणे) मात्र या टोपीशी संबंधित नाही. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनात ‘मी अण्णा हजारे’ असे छापलेल्या टोप्या निघाल्या आणि पुढील वर्षी आम आदमी पक्षाने ती उचलली. अक्षरे छापलेली टोपी ही मूळ कल्पनेहून वेगळी वस्तू होय; पूर्वी टोपीला बोलावे लागत नव्हते.

ग्रामीण महाराष्ट्रात टोपीला राजकारणाचा आधार लागला नाही. लग्नात व सत्कारात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात, दुखवट्याच्या वेळी सोयरे टोपी घालतात, वारीत आणि भजनात ती असतेच. मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांतून मुंबईत आलेल्या डबेवाल्यांनी ती शहरात टिकवली. त्यांची सेवा साधारण १८९० पासूनची, म्हणजे गांधी टोपीहून जुनी. त्यामुळे टोपी त्यांच्या पोशाखात नंतर आली असली पाहिजे. आज ती त्यांच्या कामाचा नियम आहे. दादर, चर्चगेट, अंधेरी येथे गर्दीतून वाट मागताना लोक चेहरा न पाहता टोपी पाहून बाजूला होतात. १९ ऑगस्ट २०११ रोजी डबेवाल्यांनी हजारे यांच्या पाठिंब्यासाठी एक दिवस काम बंद ठेवले, तेव्हा त्यांना वेगळी टोपी घ्यावी लागली नाही.

टोपी डोक्याच्या घेराच्या मापाने शिवतात. खादीची टोपी धुतल्यावर खळ व किंचित नीळ देऊन, घडीवरच इस्त्री करतात. परीटघडीची टोपी दोन्ही टोकांना ताठ उभी राहते. टेरिकॉटच्या टोपीला खळीची गरज पडत नाही व ती लवकर वाळते, म्हणून पावसाळ्यात काम करणाऱ्यांत तीच अधिक चालते. तिच्यावर मळही तसाच लगेच दिसतो.