लूप चालू असताना अ‍ॅरे बदलणे

अ‍ॅरेवर किंवा लिस्टवर (ओळीनं ठेवलेल्या आयटमच्या यादीवर) लूप, म्हणजे दर आयटमला तेच काम परत परत करणारा कोड, फिरत असतानाच आतून त्यातले आयटम काढणं नाहीतर नवे घालणं, ही प्रोग्रामिंगमधली फार कॉमन चूक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची दहावीपर्यंत मराठी मीडियमला शिकलेली पोरं पुढं व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या) कॉलेजात गेली की हे सगळं त्यांना इंग्लिशमध्येच वाचावं लागतं, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिलंय.

समजा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत गावांची लिस्ट आहे: खानापूर, निपाणी, निपाणी, चिकोडी. फॉर लूप लावून 'निपाणी दिसलं की रिमूव्ह कर' असं लिहिलं तर दोन्ही जायला पाहिजेत की, पण एक राहतंच. लूप आतून नुसता इंडेक्स (आयटमचा नंबर, ० पासून) मोजत असतो, इंडेक्स १ वरचं निपाणी गेलं की मागचं सगळं एक घर पुढं सरकतं, दुसरं निपाणी १ वर येऊन बसतं आणि लूप तर २ वर गेलेला असतो, म्हणजे थेट चिकोडी. खानापूरच्या बसमध्ये एकजण उतरला आणि मागचे सगळे एकेक सीट पुढं सरकले तर कंडक्टरकडून एकाचं तिकीट राहतं, तसंच हे.

यातली खरी वाईट गोष्ट म्हणजे एरर येत नाही. काढायचे दोन आयटम शेजारी शेजारी नसतील तर आउटपुट बरोबरच येतं, लॅबमधल्या पाच-सहा आयटमच्या लिस्टवर सगळं चालतं आणि खऱ्या डेटावर गुपचूप चुकतं. म्हणून जी भाषा ओरडून सांगते ती चांगली असं माझं स्पष्ट मत आहे. पायथनची डिक्शनरी (नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा साठा) लूपमध्ये साइज बदलली की रनटाइम एरर देते, जावाची अ‍ॅरेलिस्ट कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन नावाची एरर टाकते (पण शेवटून दुसरा आयटम काढला तर लूप तिथंच संपतो आणि तीही गप्प बसते!), रस्ट तर कंपाइलच होऊ देत नाही. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टरमधून (तिथल्या लिस्टमधून) आयटम इरेज केल्यावर जुना इटरेटर (लूप कुठं आहे ते दाखवणारा) वापरला तर काय होईल याची काहीच गॅरंटी नाही. जावास्क्रिप्टच्या फॉर-ऑफमध्ये दर फेरीला पुश केलं (शेवटी नवा आयटम घातला) तर लूप संपतच नाही. नुसती व्हॅल्यू बदलायला मात्र हरकत नाही, लांबी तीच राहते.

उपाय सोपे आहेत. पाहिजे तेवढेच आयटम घेऊन नवी लिस्ट करायची, फिल्टरनं किंवा लिस्ट कॉम्प्रिहेन्शननं (पायथनमध्ये एका ओळीत नवी लिस्ट करायची पद्धत), जावात २०१४ च्या आठव्या व्हर्जनपासून रिमूव्ह-इफ (अटीत बसणारे सगळे काढणारं) आहेच. शेवटून पुढं येत काढलं तरी चालतं, कारण सरकणारे आयटम आधीच बघून झालेले असतात. तरी मोठ्या डेटाला नवी लिस्टच बरी, कारण १ लाख आयटमची लिस्ट पुढून एकेक काढत रिकामी केली तर साधारण ५०० कोटी वेळा आयटम सरकवावे लागतात, नव्या लिस्टला फक्त १ लाख फेऱ्या पुरतात.